घाट, गुडघे आणि गिअर

फ्रान्समधल्या सेंट एतिएन शहरातून दक्षिणेकडे निघालं की 'कोल द ला रेपुब्लिक' या घाटाची चढण लागते. ११६१ मीटर उंचीवरच्या घाटमाथ्याजवळ एका सायकलस्वाराचं स्मारक आहे. हा माणूस शर्यती जिंकणारा नव्हता. सामान्य शक्तीच्या माणसालाही सायकलवरून घाट चढता यावा, एवढ्याच ध्यासापायी त्याने अर्धं आयुष्य घालवलं. त्याचं नाव पॉल द विव्ही.

द विव्ही यांचा जन्म १८५३चा. व्यवसाय रेशमाचा. तिशीच्या उंबरठ्यावर त्यांना सायकलचा नाद लागला आणि त्यापुढे व्यापार मागे पडला. १८८७ मध्ये त्यांनी सायकलींविषयीचं एक नियतकालिक सुरू केलं. पुढे ते 'ल सिक्लिस्त' या नावाने ओळखलं गेलं. त्यात ते 'वेलोसिओ' या टोपणनावाने लिहीत.

त्या काळच्या बहुतेक सायकलींना एकच गिअर असे. तो सपाटीसाठी ठरवला की चढावर उतरून सायकल ढकलावी लागे. चढासाठी ठरवला की सपाटीवर पाय भिरभिर फिरत आणि सायकल मात्र रेंगाळे. असं सांगतात, की याच घाटात घाम गाळत असताना त्यांच्या नियतकालिकाचा एक तरुण वाचक पाइप ओढत त्यांच्या पुढे निघून गेला. द विव्हींना विचार पडला : वय वाढणार, ताकद घटणार, घाट तेवढाच राहणार. मग बदलायचं काय? बदलायचा तो गिअर.

सुरुवातीचे उपाय ओबडधोबड होते. खाली उतरून चेन हाताने उचलायची आणि दुसऱ्या दातेरी चक्रावर बसवायची. पुढे चालता चालता चेन सरकवणाऱ्या नव्या नव्या युक्त्या आल्या. द विव्ही त्या स्वतः घाटात वापरून बघत आणि आपला अनुभव लिहीत.

विरोधही झाला. 'टूर द फ्रान्स'चे संस्थापक आंरी देग्रांज यांच्या मते गिअर हे उतारवयातल्या लोकांसाठी होते. खऱ्या मर्दाने स्नायूंच्या जोरावर जिंकावं, असा त्यांचा आग्रह. त्या शर्यतीत चालता चालता बदलणाऱ्या गिअरना १९३७ मध्ये परवानगी मिळाली. तोवर द विव्हींना जाऊन सात वर्षं झाली होती.

डॉक्टर म्हणून मला या वादात द विव्हींची बाजू पटते. चढ चढायला लागणारी शक्ती ही पायडलवरचा जोर आणि पाय फिरण्याचा वेग यांचा गुणाकार असते. गिअर जड असला की पाय हळू फिरतात आणि प्रत्येक फेरीत जोर जास्त लागतो. जोर वाढला की गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर अधिक दाबली जाते, स्नायूंमधला साखरेचा साठा लवकर संपतो. दम रोखून रेटा दिला तर रक्तदाबही चढतो. हलक्या गिअरमध्ये फेऱ्या वाढतात, पण प्रत्येक फेरीचा भार उतरतो. पन्नाशीच्या गुडघ्याला हा सौदा परवडतो.

आज गंमत अशी, की डोंगरी सायकलींवर पुढे पुन्हा एकच चक्र आलं आहे. फरक मागच्या बाजूला आहे. तिथे १२ चक्रांची कॅसेट असते. सर्वांत लहान चक्राला १० दात, सर्वांत मोठ्याला ५१. पुढे ३२ दात धरले तर सर्वांत हलक्या गिअरमध्ये पायडलच्या एका फेरीत २९ इंची चाकाची सायकल जेमतेम १.४ मीटर सरकते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी पाच किलोमीटरच्या आसपास, म्हणजे चालण्याइतका. मागचं मोठं चक्र ५१ ऐवजी ४२ दातांचं असेल, तर त्याच चढावर पायडलवर सुमारे २१ टक्के जास्त जोर द्यावा लागतो. हा फरक गुडघ्याला लगेच कळतो.

म्हणून सायकल घेताना दुकानदाराला आधी सर्वांत हलका गिअर विचारा. पुढच्या दातांना मागच्या मोठ्या चक्राच्या दातांनी भागा. उत्तर एकाच्या खाली जितकं येईल तितका चढ सोपा. जुन्या सायकलवर मोठी कॅसेट बसवायची असेल तर मागचा डिरेलर तेवढे दात पेलतो का, चेन पुरेशी लांब आहे का, हे तपासून घ्या. १० दातांच्या चक्रासाठी बऱ्याचदा हबचा भाग बदलावा लागतो. तो खर्च नको असेल तर ११ दातांपासून सुरू होणारी कॅसेट बघा. मोठ्या पल्ल्याची किंमतही आहे : दोन चक्रांमधलं अंतर वाढतं, सपाटीवर मनाजोगता वेग साधत नाही. पुढचं चक्र ३२ वरून ३० दातांचं केलं तरी चढ हलका होतो आणि खर्च कमी येतो. बदल्यात उतारावरचा कमाल वेग थोडा घटतो.

द विव्हींनी प्रवासासाठी नियमही घालून दिले होते. मुक्काम थोडे आणि छोटे. भूक लागायच्या आधी खाणं, तहान लागायच्या आधी पिणं. अन्नावरची वासना उडेल इतकं कधी न थकणं. पहिल्या काही तासांत जोर राखून ठेवणं. आणि निव्वळ बढाईसाठी पायडल न मारणं. स्वतः शाकाहारी असलेले द विव्ही पन्नाशीनंतरही लांबलांबचे पल्ले मारत राहिले. १९३० मध्ये सेंट एतिएनमध्येच ट्रामची धडक बसून ते गेले, वयाच्या ७६व्या वर्षी.

त्यांच्या नियमांतला बढाईचा नियम गिअर निवडतानाही लागू पडतो. सकाळच्या ताज्या पायांना झेपेल तो गिअर कुणीही निवडेल. तुम्ही मात्र दिवसाच्या शेवटच्या चढावर, थकलेल्या पायांना झेपेल तो निवडा. आणि एवढं करूनही गुडघ्याच्या वाटीमागे दोन-तीन आठवडे दुखत राहिलं तर गिअरशी झगडत बसू नका, सीटची उंची तपासून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.