आईला गीता कळेना म्हणून सुरू झालेला विनोबांचा अभ्यास पवनारच्या ब्रह्मविद्या मंदिरापर्यंत कसा पोहोचला?

विनोबा भावे म्हटलं की आपल्याला भूदान आठवतं. हजारो मैल पायी फिरणारा, जमीनदारांकडे भूमिहीनांसाठी जमीन मागणारा माणूस. पण गर्दीत इतका वावरलेला हा माणूस आयुष्यात पुन्हा पुन्हा एकांतात जाऊन अभ्यासाला बसला, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

११ सप्टेंबर १८९५ ला गागोद्याला विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला, म्हणून शिक्षणही तिकडेच. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी ते मुंबईच्या गाडीत बसले खरे, पण मधेच सुरतेला उतरले आणि थेट काशी गाठली. पोटात दोन ओढी होत्या, हिमालयाची आणि बंगालच्या क्रांतिकारकांची. पण पोहोचले ते गांधीजींच्या अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात.

तिथे वर्षभरही झालं नाही तोच तब्येत ढासळली. मग १९१७ मध्ये विनोबांनी गांधीजींकडे एक वर्षाची रजा मागितली. तब्येत सुधारायची होतीच, पण दुसरं कारण होतं वाई.

कृष्णाकाठच्या या गावात नारायणशास्त्री मराठे यांची प्राज्ञपाठशाळा होती. हेच पुढे केवलानंद सरस्वती म्हणून ओळखले गेले. मराठी विश्वकोश उभा करणारे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच पाठशाळेत घडले. विनोबा इथे उपनिषदं, गीता, ब्रह्मसूत्रांवरचं शांकरभाष्य आणि पातंजल योगसूत्रं शिकले. नुसतं शिकले नाहीत, इतरांना गीता शिकवलीही. वाचनालयाला पैसे हवेत म्हणून विद्यार्थ्यांना सोबत घेऊन लोकांचं दळण दळून दिलं.

रजा संपली आणि विनोबा बरोबर ठरल्या दिवशी आश्रमात हजर झाले.

या अभ्यासामागे एक घरगुती गोष्ट होती. विनोबांच्या आई रुक्मिणीबाई गीतेच्या प्रवचनाला जायच्या, पण संस्कृत कळायचं नाही. विनोबांनी मराठी पद्यातला अनुवाद आणून दिला, तर तोही जड वाटला. तेव्हा आईने सोपी गीता तूच का लिहीत नाहीस, असं सुचवलं. १९१८ मध्ये आई गेली. काम मात्र १९३० साली हातात घेतलं गेलं आणि पुढच्या वर्षी पूर्ण झालं. तीच गीताई. ती घराघरांत पोहोचली, फक्त जिच्यासाठी लिहिली तिला वाचता आली नाही.

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेचा एकेक अध्याय समजावला. अठरा अध्याय, अठरा प्रवचनं. ती उतरवून घेणारे होते साने गुरुजी, म्हणून आज आपल्याकडे गीता प्रवचने हे पुस्तक आहे. कुराण मुळातून वाचायचं म्हणून विनोबा अरबीही शिकले.

१९३८ मध्ये तब्येत पुन्हा खालावली आणि ते वर्ध्याजवळ पवनारला, धाम नदीच्या काठी राहायला आले.

१९५१ मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदान सुरू झालं आणि तेरा वर्षांची पदयात्रा घडली. ही यात्रा चालू असतानाच, २५ मार्च १९५९ ला, पवनारमध्ये ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली. हे स्त्रियांसाठी होतं.

कारण सरळ होतं. संन्यास, शास्त्राभ्यास, ब्रह्मचर्य या वाटा शतकानुशतकं पुरुषांनी स्वतःकडे ठेवल्या. मुक्ताबाई, मीरा अशी नावं आहेत, पण ती अपवादासारखी. ज्ञानाची साधना बायकांनी एकट्याने नाही, तर समूहाने करावी आणि शास्त्रं त्यांच्या हातूनही घडावीत, असं विनोबांना वाटत होतं.

इथल्या कामाची पद्धतही वेगळी. कोणी प्रमुख नाही, निर्णय सर्वसंमतीने. सकाळी प्रार्थना, मग अभ्यास, आणि त्याच्या जोडीला शेती, स्वयंपाक, सफाई. नोकर ठेवायचे नाहीत. श्रम करणाऱ्याला ज्ञान नाही आणि ज्ञानी माणसाला श्रम नाहीत, ही जुनी वाटणीच विनोबांना मोडायची होती.

अर्थात एकांताची किंमतही असते. आणीबाणीच्या काळात विनोबांनी घेतलेल्या भूमिकेवर कडाडून टीका झाली. जगापासून दूर बसलेल्या माणसाला जगातला अन्याय दिसला नाही, असा आरोप झाला. तो वाद आजही मिटलेला नाही.

१५ नोव्हेंबर १९८२ ला पवनारलाच विनोबांनी देह ठेवला. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं.

पण त्यांच्या कामाचा हिशोब फक्त दान मिळालेल्या एकरांत मांडला तर अर्धाच राहतो. उरलेला अर्धा धाम नदीकाठी आहे. ज्या बाईला शास्त्र कळत नव्हतं, तिच्या मुलाने पुढे बायकांना शास्त्राच्या अभ्यासासाठी हक्काची जागा करून दिली.