कंपाउंडरच्या कामाला डिग्रीचा दर्जा मिळवून देणारे प्राध्यापक श्रॉफ

बारावी सायन्स झालं, सीईटी दिली की घराघरांत चर्चा सुरू होते. मेडिकलला नंबर लागला नाही तर काय? मग कोणीतरी म्हणतं, बी.फार्म कर. महाराष्ट्रात आज शेकडो फार्मसी कॉलेजं आहेत, त्यामुळे हा पर्याय सहज सुचतो. पण 1930 च्या आधी भारतात बी.फार्म नावाची पदवीच नव्हती. ती सुरू करण्यामागे एक नाव सगळ्यात पुढे होतं, महादेव लाल श्रॉफ.

श्रॉफ यांचा जन्म 6 मार्च 1902 रोजी बिहारमधल्या दरभंग्यात झाला. तरुणपणी ते शिकायला अमेरिकेत गेले. कॉर्नेल विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले आणि पुढे एमआयटीतून एमएस झाले. अशी पदवी घेऊन आलेल्या माणसाला तेव्हा चांगली नोकरी मिळायला अडचण नव्हती. श्रॉफ मात्र शिकवण्याकडे वळले, तेही अशा विषयाकडे ज्याला विद्यापीठात विषय म्हणून कोणी मोजत नव्हतं.

त्या काळात औषधं कोण द्यायचं? कंपाउंडर. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायची, कंपाउंडरने आतल्या खोलीत मिक्श्चर बनवायचं, बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवायची आणि पेशंटच्या हातात द्यायची. कंपाउंडरसाठी छोटे अभ्यासक्रम होते, पण बरेच जण हाताखाली राहून शिकायचे. औषध विकायला मात्र काहीच शिकलेलं असण्याची सक्ती नव्हती. बाजारात भेसळीची आणि कमी ताकदीची औषधं सर्रास मिळायची. मलेरियावर तेव्हा क्विनाइन हाच मोठा आधार होता, आणि तेही खात्रीचं मिळेल याचा भरवसा नव्हता.

ओरड वाढली तेव्हा सरकारने 1930 मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. औषधांवर कायद्याचं नियंत्रण हवं आणि औषध हाताळणारा माणूस शिकलेला हवा, असा तिचा निष्कर्ष 1931 मध्ये आला. मात्र कायदा व्हायला 1940 साल उजाडलं.

श्रॉफ कायद्यासाठी थांबले नाहीत. बनारस हिंदू विद्यापीठात पंडित मदनमोहन मालवीयांचा त्यांना पाठिंबा मिळाला. देशात उद्योग उभे राहायचे तर शिकलेली माणसं लागतील, असं मालवीयांचं धोरण होतं. 1932 मध्ये बीएस्सीला औषधी रसायनशास्त्र हा विषय सुरू झाला. त्यात औषधनिर्मिती आणि वनस्पतिजन्य औषधांची ओळख, म्हणजे फार्माकॉग्नोसी, यांची भर पडत गेली. 1937 मध्ये तीन वर्षांचा बी.फार्म अभ्यासक्रम सुरू झाला. भारतातला तो पहिला.

यातला खरा बदल समजून घ्यायला हवा. कंपाउंडरला औषध कसं मिसळायचं एवढं शिकवलं जायचं. श्रॉफ यांच्या अभ्यासक्रमात ते औषध कशाचं बनलंय, त्याची शुद्धता कशी तपासायची, कच्चा माल कुठल्या वनस्पतीतून येतो आणि त्यातली भेसळ कशी ओळखायची, हे आलं. म्हणजे बाजारातल्या खोट्या औषधाला पकडू शकेल असा माणूस वर्गात तयार होणार होता.

पण नुसती पदवी देऊन भागणार नव्हतं. या मुलांना समाजात आणि कायद्यात जागा कुठे होती? त्यासाठी श्रॉफ यांनी 1935 मध्ये संयुक्त प्रांतात औषधशास्त्रज्ञांची संघटना उभी केली. तिचीच पुढे इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशन झाली. तिचं मुख्यालय आज मुंबईत कलिन्याला आहे. 1939 मध्ये त्यांनी इंडियन जर्नल ऑफ फार्मसी हे नियतकालिक सुरू केलं आणि त्याचं संपादनही केलं.

1948 मध्ये फार्मसी कायदा आला. शिक्षणाचे नियम ठरवायला फार्मसी कौन्सिल स्थापन झाली. पण इथे एक तडजोड होती. देशात पदवीधर मूठभर आणि दवाखाने हजारो. म्हणून किमान पाच वर्षं औषधं बनवण्याचा अनुभव असलेल्यांनाही पहिल्या नोंदणीत जागा मिळाली. 1953 च्या शिक्षण नियमांनी फार्मासिस्टसाठी किमान पात्रता डिप्लोमाची ठेवली, पदवीची नाही.

याचा परिणाम आजही दिसतो. बी.फार्म झालेली बरीच मुलं कारखान्याच्या, तपासणी प्रयोगशाळेच्या वाटेला लागली आणि दुकानाचं काउंटर मुख्यतः डिप्लोमावाल्यांकडे राहिलं. पदवीच्या अभ्यासक्रमात रसायनशास्त्र आणि उत्पादन भरपूर, पण समोरच्या पेशंटशी काय बोलायचं हे कमी. डिप्लोमाचा 1991 चा अभ्यासक्रम तर 2020 चे नवे नियम येईपर्यंत जवळपास तीस वर्षं चालला. 2008 मध्ये सुरू झालेला सहा वर्षांचा फार्म.डी. हा पेशंटकडे वळण्याचा प्रयत्न आहे. त्यात मुलांना हॉस्पिटलच्या वॉर्डात जावं लागतं.

श्रॉफ बनारसवर थांबले नव्हते. ते सोडल्यावर त्यांनी पिलानीत फार्मसीचं शिक्षण उभं केलं. वयाची साठी ओलांडल्यावर, 1963 मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात त्यांच्या नेतृत्वाखाली हाच विभाग सुरू झाला. 25 ऑगस्ट 1971 रोजी त्यांचं निधन झालं. त्यांचा जन्मदिवस, 6 मार्च, आता राष्ट्रीय फार्मसी शिक्षण दिन म्हणून पाळला जातो.

त्या दिवशी कॉलेजांमध्ये फोटोला हार घातला जातो, भाषणं होतात. पण श्रॉफ यांनी त्यांच्या काळाची गरज बघून अभ्यासक्रम बदलला होता. तेव्हा प्रश्न खोट्या क्विनाइनचा होता, म्हणून त्यांनी तपासणी शिकवली. आज एकेका वयस्कर पेशंटला दिवसाला पाच-सहा गोळ्या असतात, अँटिबायोटिक अर्धवट सोडली जातात, चिठ्ठीशिवाय औषधं मागितली जातात. काउंटरमागच्या माणसाला यातलं किती शिकवलंय, हे तपासणं म्हणजेच त्यांचं काम पुढे नेणं.