‘टेन्शन’ शरीरात कुठे दिसतं, हे दाखवणारे डॉ. हान्स सेल्ये

‘खूप स्ट्रेस आहे’ हे वाक्य आज दहावीतल्या मुलापासून निवृत्त आजोबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतं. पण शंभर वर्षांपूर्वी डॉक्टरांनाही या शब्दाचा हा अर्थ माहीत नव्हता. तो रूढ करण्याचं मोठं श्रेय डॉ. हान्स सेल्ये यांना जातं.

सेल्ये यांचा जन्म २६ जानेवारी १९०७ रोजी व्हिएन्नात झाला. वडील हंगेरियन, लष्करात शल्यचिकित्सक, आई ऑस्ट्रियन. बालपण डॅन्यूबकाठच्या कोमारोम गावात गेलं. पुढे ते वैद्यकीय शिक्षणासाठी प्रागच्या जर्मन विद्यापीठात दाखल झाले.

तिथे एक साधीच गोष्ट त्यांच्या नजरेत भरली. प्राध्यापक एकेक रुग्ण समोर आणत आणि त्याच्या आजाराची खास लक्षणं दाखवत. विशीही न गाठलेल्या सेल्येंना मात्र भलतंच काहीतरी दिसत होतं. आजार कोणताही असो, सगळे रुग्ण एकसारखेच ‘आजारी’ दिसत होते: उतरलेला चेहरा, पांढरट जीभ, अंगदुखी, अन्नावरची उडालेली वासना. या लक्षणांवरून निदान होत नाही, म्हणून त्यांच्याकडे कुणी फारसं बघत नसे. सेल्येंच्या डोक्यातून ती गेली नाहीत.

१९३१ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत गेले आणि तिथून कॅनडातल्या माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात आले. तिथे ते एका नव्या संप्रेरकाच्या शोधात होते. गायींच्या अंडाशयाचा अर्क उंदरांना टोचला की तीन बदल हमखास दिसत: मूत्रपिंडाच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी फुगत, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसत आणि जठरात व्रण पडत. नवं संप्रेरक सापडलं, असं वाटून तरुण संशोधक हरखून गेला. पण अर्क जितका अशुद्ध, तितका परिणाम जास्त! शंका आली म्हणून त्यांनी उंदरांना चक्क फॉर्मॅलिन टोचलं. पुन्हा तेच तीन बदल.

म्हणजे संप्रेरक वगैरे काही नव्हतंच. दुसरा कुणी असता तर हिरमुसून विषय सोडला असता. सेल्येंना प्रागचे ते रुग्ण आठवले. मग त्यांनी उंदरांना हिवाळ्यात इमारतीच्या गच्चीवर थंडीत ठेवलं, फिरत्या पिंजऱ्यात दमेपर्यंत पळवलं, निरनिराळी औषधं दिली. त्रास वेगवेगळा, शरीराचं उत्तर मात्र एकच. ४ जुलै १९३६ च्या ‘नेचर’ नियतकालिकात जेमतेम एका पानाची टिपण आली आणि तणावाच्या संशोधनाचा पाया घातला गेला.

या उत्तराचे त्यांनी तीन टप्पे सांगितले. पहिला धोक्याच्या घंटेचा: छाती धडधडते, घाम फुटतो. दुसरा तग धरण्याचा: वरवर सगळं सुरळीत दिसतं, माणूस कामही ओढत राहतो. तिसरा थकून कोसळण्याचा. रोजच्या आयुष्यात फसवा असतो तो दुसरा टप्पा. ‘सवय झाली आता’ असं आपण म्हणतो, तेव्हा शरीर त्या सवयीची किंमत मोजतच असतं.

सेल्येंनी पुढे सामान्य वाचकांसाठी पुस्तकं लिहिली, त्यांत ताणाची लक्षणंही नोंदवली. कारण नसताना चिडचिड, तोंडाला कोरड, मान आणि पाठ आखडणं, रात्री दात खाणं, झोप उडणं, वारंवार लघवीला लागणं, पोट बिघडणं, अर्धशिशी, पाळी चुकणं, जेवण फार कमी किंवा फार जास्त होणं. यांतलं एखादं अधूनमधून सगळ्यांनाच होतं. दोनतीन एकत्र येऊन आठवडेच्या आठवडे टिकली, तर मात्र ‘ॲसिडिटी झाली असेल’ म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना दाखवावं, कारण हीच लक्षणं थायरॉइड किंवा मधुमेहासारख्या आजारांतही दिसतात.

‘स्ट्रेस’ हा शब्द त्यांनी अभियांत्रिकीतून उचलला आणि तिथेच गोंधळ झाला. तिथे ‘स्ट्रेस’ म्हणजे वस्तूवर पडणारा जोर, तर त्याने वस्तूत होणारा बदल म्हणजे ‘स्ट्रेन’. सेल्ये सांगत होते शरीरातल्या बदलाबद्दल! इंग्रजी अधिक चांगलं असतं तर दुसरा शब्द निवडला असता, असं त्यांनी नंतर मान्यही केलं. मराठीतल्या ‘ताणा’चंही तेच. ‘कामाचा ताण’ म्हणजे काम की त्याने आलेली डोकेदुखी, हे संदर्भावरूनच कळतं.

त्यांचं सगळंच म्हणणं टिकलं नाही. माणसाच्या जठरातल्या बहुतेक व्रणांमागे एक जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात, हे पुढे सिद्ध झालं. शरीराची ताकद संपते म्हणून माणूस कोसळतो, हेही आता पुरेसं मानलं जात नाही. संकटात वाचवणारी यंत्रणाच फार काळ चालू राहिली की नुकसान करते. आणि एकाच प्रसंगाचा ताण दोघांना सारखा का येत नाही, या प्रश्नाकडे, म्हणजे मनाकडे, सेल्येंनी सुरुवातीला कमीच पाहिलं. ती बाजू इतर संशोधकांनी मांडली.

१९४५ पासून ते माँट्रियल विद्यापीठातल्या स्वतंत्र संस्थेचे प्रमुख होते. नोबेलसाठी अनेकदा नाव गेलं, पण पुरस्कार मिळाला नाही. सगळाच ताण वाईट नसतो, आवडत्या कामाचा ताण माणसाला उभारी देतो, हा विचार १९७४ च्या ‘स्ट्रेस विदाऊट डिस्ट्रेस’ या पुस्तकातून लोकांपर्यंत पोहोचला.

या चरित्राचं एक पान मात्र फार उशिरा उघडलं. अमेरिकेतल्या खटल्यांमुळे सिगारेट कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रं खुली झाली, तेव्हा त्यांत सेल्येंचं नाव निघालं. १९५८ मध्ये त्यांनी या उद्योगाकडे पैसे मागितले होते, तेव्हा नकार मिळाला. १९६९ साली मात्र अमेरिकी उद्योगाच्या संशोधन मंडळाने तीन वर्षं दरवर्षी ५०,००० डॉलर मंजूर केले. त्याच वर्षी कॅनडाच्या संसदीय समितीपुढे त्यांनी धूम्रपानविरोधी कायद्याच्या विरोधात मत मांडलं. धूम्रपानाने ताण हलका होतो, हा मुद्दा कंपन्यांना हवाच होता, आणि तो तणावाच्या सर्वांत मोठ्या तज्ज्ञाकडून येत होता.

१६ ऑक्टोबर १९८२ रोजी माँट्रियलमध्ये त्यांचं निधन झालं. लोकांसाठी त्यांनी केलेल्या ताणाच्या लक्षणांच्या यादीत आणखी एक लक्षण होतं: सिगारेट ओढण्याचं प्रमाण वाढणं.