आल्फ्रेड बॅरिंग गॅरॉड

सर आल्फ्रेड बॅरिंग गॅरॉड (जन्म: १३ मे १८१९, इप्सविच, इंग्लंड, मृत्यू: २८ डिसेंबर १९०७, लंडन) हे इंग्रज वैद्य व संशोधक होते. गाऊट या सांध्यांच्या विकारात रक्तातील यूरिक आम्ल वाढलेले असते, हे त्यांनी प्रथम रासायनिक परीक्षणाने दाखवून दिले.

शिक्षण व कारकीर्द

गॅरॉड यांचे वैद्यकीय शिक्षण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात झाले. १८४३ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची एम.डी. पदवी मिळवली. पुढे ते त्याच संस्थेत व १८६३ पासून किंग्ज कॉलेज रुग्णालयात अध्यापक होते. १८५८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८८७ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

संशोधन

शरीरातील दोष थेंबाथेंबाने सांध्यात झिरपतो, या जुन्या समजुतीवरून गाऊट हे नाव पडले. रुग्णांच्या सांध्यांजवळील खड्यांत यूरिक आम्लाचे क्षार असतात, हे विल्यम वोलास्टन यांनी १७९७ मध्ये दाखवले होते. मात्र ते तेथे कसे येतात हे अज्ञात होते. १८४८ मध्ये गॅरॉड यांनी गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात यूरिक आम्ल आढळल्याचे जाहीर केले.

पुढे त्यांनी 'दोरा चाचणी' शोधली. रक्तद्रव उथळ काचपात्रात घेऊन त्यात थोडे ॲसिटिक आम्ल मिसळत व तागाचा एक धागा बुडवून ठेवत. यूरिक आम्ल जास्त असल्यास एक-दोन दिवसांत, दोऱ्यावर खडीसाखर जमावी तसे, त्याचे स्फटिक धाग्यावर जमत. रक्तातील रसायन मोजून रोगनिदान करण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत या चाचणीची गणना होते.

१८५९ मधील आपल्या ग्रंथात सांध्यात साचलेले सोडियम यूरेट हे दाहाचा परिणाम नसून त्याचे कारण आहे, असे मत त्यांनी मांडले. याच ग्रंथात त्यांनी संधिवाताचा एक वेगळा प्रकार ओळखून त्याला 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव सुचवले. लिथियमचे यूरेट पाण्यात अधिक विरघळते, म्हणून त्यांनी लिथियमचे क्षार औषध म्हणून सुचवले. हा उपचार मात्र पुढे टिकला नाही.

प्रभाव

यूरेट हेच दाहाचे कारण आहे, हे मत दीर्घकाळ वादग्रस्त राहिले. १९६१ मध्ये डॅनिएल मॅकार्टी व जोसेफ हॉलंडर यांनी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली रुग्णांच्या सांध्यातील द्रवात सोडियम यूरेटचे सुईसारखे स्फटिक ओळखले. त्यानंतर असे स्फटिक सांध्यात टोचल्यास दाह होतो हेही सिद्ध झाले आणि गॅरॉड यांच्या मताला शतकानंतर पुष्टी मिळाली. रक्तातील यूरिक आम्ल कमी राखून स्फटिक विरघळू देणे, हे आजच्या दीर्घकालीन उपचारांचे सूत्र आहे.

कुटुंब

त्यांचे पुत्र आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी चयापचयातील जन्मजात दोषांची संकल्पना मांडली. नात डोरोथी गॅरॉड या पुरातत्त्वज्ञ केंब्रिज विद्यापीठातील पहिल्या महिला प्राध्यापक होत्या.