रुपयाला निरोप देणारे अमीर

कुवेतमध्ये २५ फेब्रुवारीच्या सुट्टीला आपल्यातील अनेकजण स्वातंत्र्याची तारीख समजतात. वस्तुतः देश स्वतंत्र झाला १९ जून १९६१ रोजी, भर उन्हाळ्यात. फेब्रुवारीतला दिवस शेख अब्दुल्ला अल सालेम अल सबाह यांच्या १९५० मधील राज्यारोहणाचा.

१८९५ साली जन्मलेल्या या अमिरांच्या राजवटीत १९६१ पर्यंत येथे रुपयाच चाले. आखातासाठी रिझर्व्ह बँक १९५९ पासून निराळ्या रंगाच्या नोटा छापी. त्यांनी दिनार आणला तेव्हा तो सव्वातेरा रुपयांहून किंचितच महाग होता! (आजचा भाव वाचकांना तोंडपाठ असेलच.)

स्वातंत्र्यानंतर सहाच दिवसांत इराकने कुवेतवर हक्क सांगितला; शेखांनी ब्रिटिश फौज बोलावली. पुढच्याच वर्षी राज्यघटना मंजूर करून त्यांनी स्वतःच्या सत्तेलाही मर्यादा घातली. २४ नोव्हेंबर १९६५ रोजी ते निवर्तले.