विल्यम स्ट्युअर्ट हॉल्स्टेड

विल्यम स्ट्युअर्ट हॉल्स्टेड (जन्म : न्यू यॉर्क, २३ सप्टेंबर १८५२, मृत्यू : बाल्टिमोर, ७ सप्टेंबर १९२२) हे अमेरिकन शल्यविशारद होते. शल्यचिकित्सेतील निवासी प्रशिक्षणपद्धतीचे ते जनक मानले जातात.

येल विद्यापीठाचे पदवीधर असलेल्या हॉल्स्टेड यांनी १८७७ साली न्यू यॉर्क येथे वैद्यकाची पदवी घेतली. पुढे दोन वर्षे व्हिएन्ना व जर्मनीत अध्ययन करून ते परतले. एकाच वेळी अनेक रुग्णालयांत ते शस्त्रक्रिया करीत आणि सायंकाळी विद्यार्थ्यांना शिकवीत.

व्यसन आणि उपचार

१८८४ साली कार्ल कोलर यांनी डोळा बधिर करण्यासाठी कोकेन वापरले. ही वार्ता कळताच हॉल्स्टेड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जातंतूंजवळ कोकेन टोचण्याचे प्रयोग स्वतःवरच केले. त्यातून अंगाचा विशिष्ट भागच बधिर करण्याची पद्धत हाती आली. मात्र या द्रव्याची चटक किती घातक असते, याची तेव्हा पुरती जाणीव नव्हती. हॉल्स्टेड यांच्यासह अनेक जण व्यसनाधीन झाले. १८८५ सालचा त्यांचा कोकेनविषयक लेख इतका विस्कळीत आहे की, त्यातून लेखकाची मनःस्थितीच अधिक कळते. १८८६ साली त्यांना प्रॉव्हिडन्स येथील बटलर मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. कोकेनची जागा पुढे मॉर्फिनने घेतली. मित्र विल्यम वेल्च यांनी बाल्टिमोरच्या आपल्या प्रयोगशाळेत त्यांना आश्रय दिला. तो मिळाला नसता, तर त्यांचे पुढील कार्य घडणे कठीण होते.

निवासी प्रशिक्षण

१८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तेथे हॉल्स्टेड शल्यविभागाचे प्रमुख व १८९२ पासून प्राध्यापक होते. शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. जर्मन धर्तीवर त्यांनी आखलेल्या प्रशिक्षणात शिकाऊ शल्यविशारदाने रुग्णालयातच, अविवाहित राहून, अहोरात्र सेवा करावी अशी अपेक्षा होती. मुदत ठरलेली नसे. पायरीपायरीने बहुतेक जण गळत आणि एखादाच प्रमुख निवासी होई. हार्वे कुशिंग याच परंपरेतले. महाराष्ट्रातील रुग्णालयांत रूढ असलेल्या ‘निवासी डॉक्टर’ या संज्ञेचे मूळ अशाच पद्धतीत आहे. जालना येथेही २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दीर्घ पाळ्या आणि अपुरी झोप यांचा निवासी डॉक्टरांच्या मनःस्वास्थ्यावर होणारा परिणाम हा आता जगभर चिंतेचा विषय आहे. त्याची चर्चा करताना हॉल्स्टेड यांचा उल्लेख वारंवार होतो.

उत्तरायुष्यात ते अबोल व एकांतप्रिय झाले. उन्हाळ्यात ते महिनोन्‌महिने रुग्णालयापासून दूर राहत. पित्ताशयाच्या विकारावरील शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. मॉर्फिनचे व्यसन पुढेही सुटले नव्हते, ही गोष्ट सहकारी विल्यम ऑस्लर यांनी गुप्तपणे लिहून ठेवली होती. ती टिपणे १९६९ साली उघड झाली.