कर्मवीर भाऊराव पाटील : एकत्र राहून एकत्र शिकण्याची शाळा

आपल्या वळसंगसारख्या गावातून दहावी-बारावी झालेली मुलं एसटीने सोलापूरला नाहीतर अक्कलकोटला कॉलेजला जातात. वर्गात नव्वद-शंभर पोरं. प्रत्येक तासाला वेगळे सर, ओळखीचं कुणीच नाही. हुशार मूलसुद्धा तिथं एकटं पडतं आणि हळूहळू जायचंच बंद होतं. या एकटेपणावर काम करणारा एक माणूस आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेला. त्यांचे नाव कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. वडिलांचे नाव पायगोंडा. शिक्षणासाठी ते कोल्हापूरला आले व जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. तिथं एक प्रसंग घडला. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ करूनच आत यायचं, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी साफ नकार दिला. शेवटी बोर्डिंग सोडावं लागलं. मॅट्रिकची परीक्षाही ते पास होऊ शकले नाहीत. पण कुणाच्या शेजारी बसायचं आणि कुणाच्या पंगतीत जेवायचं यावर शिक्षण अडतं, हे त्यांना तेव्हाच कळलं.

पुढे त्यांनी किर्लोस्करांचे नांगर विकण्याचे काम केले. त्या निमित्ताने गावोगाव फिरले, शेतकऱ्यांच्या पोरांची परिस्थिती डोळ्यांनी पाहिली. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. 1924 साली संस्था साताऱ्याला आणली आणि तिथं वसतिगृह सुरू केलं. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं.

या बोर्डिंगमध्ये मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळ्या जातीधर्मांची मुलं एकाच छताखाली राहत. स्वयंपाक मुलांनी करायचा, भांडी मुलांनी घासायची, शेतात मुलांनीच राबायचं. मोठी मुलं लहानांचा अभ्यास घ्यायची. घामाच्या मोबदल्यात जेवण व शिक्षण. हीच पुढे गाजलेली कमवा आणि शिका योजना. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या मुलांच्या आई झाल्या. कोठीत धान्य नव्हतं तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. 1930 साली त्यांचे निधन झाले; पण चूल विझली नाही.

1935 मध्ये संस्थेने साताऱ्यात शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं आणि 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. गरिबाच्या मुलाने कष्ट करून पदवी घ्यावी, हा त्यामागचा हेतू. गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी सरकारवर जाहीर टीका केली म्हणून संस्थेचे अनुदान बंद झाले होते. तेव्हा लोकांनी झोळीत पैसे टाकून शाळा चालू ठेवल्या. बोर्डिंगमध्येच वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1959 साली भाऊरावांना पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची डी.लिट. मिळाली. त्याच वर्षी 9 मे रोजी त्यांनी देह ठेवला.

आता एक गंमत पाहा. 1927 मध्येच अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात अलेक्झांडर मिकलजॉन या शिक्षणतज्ज्ञाने एक प्रयोग सुरू केला. मुलं आणि शिक्षक एकत्र राहायचे, सुटे सुटे विषय न घेता एकच मोठा विषय सगळे मिळून अभ्यासायचे. तो प्रयोग 1932 मध्ये बंद पडला, पण त्याचं बीज टिकलं. आज तिकडे कित्येक कॉलेजांत मुलांचा एकच गट दोन-तीन जोडलेले विषय सोबत शिकतो व त्या विषयांचे शिक्षक आपसात बोलून पाठ ठरवतात. याला अध्ययन समुदाय म्हणतात. विस्कॉन्सिनमध्ये मुलांना पुस्तकानं जोडलं, साताऱ्यात भाकरीनं आणि कुदळीनं.

कमवा आणि शिका योजना आज आपल्या विद्यापीठांतही आहे. मुलं तासाप्रमाणे काम करतात, मानधन घेतात. गरजू मुलाला त्याचा आधार होतो, हे खरंच. पण कर्मवीरांच्या योजनेत काम हा अर्धाच भाग होता. उरलेला अर्धा भाग म्हणजे सोबत. एका पंगतीत जेवलेलं, एका कंदिलाखाली वाचलेलं पोर मध्येच गळालं तर बाकीच्यांच्या लगेच लक्षात यायचं. आज शंभरच्या वर्गातून एक मूल गेलं तर हजेरीपटाशिवाय कुणाला कळतं?

यात आपण काय करू शकतो? पालकांनी गावातून एकाच कॉलेजला जाणाऱ्या चार-पाच मुलांची गाठ घालून द्यावी. शक्य असेल तर त्यांनी निदान एक विषय सारखा घ्यावा, संध्याकाळी तासभर सोबत बसावं. सोबत म्हणजे गावातली सगळ्या वस्त्यांतली मुलं, फक्त आपल्या आळीतली नव्हे. आणि आपण प्राथमिक शिक्षकांनी दुसरी-तिसरीपासूनच गटात शिकायची सवय लावावी. भाषेच्या पाठातली विहीर परिसर अभ्यासातही यावी, गणितातही यावी.

वडाचं झाड हे रयतचं बोधचिन्ह आहे. पारंबी जमिनीत रुजली की तीच झाडाला आधार देते. आपल्या शाळेतून बाहेर पडणारं प्रत्येक मूल दुसऱ्या एखाद्या मुलाचा असा आधार व्हावं, एवढं आपण ठरवलं तरी पुष्कळ आहे.